खिडकी तीच, सकाळ वेगळी : योसेफ सुदेकची छायाचित्रे पाहताना

सुरुवातीलाच एक विनंती. मागच्या दोन ट्यूबलाइट बंद करता आल्या तर बरं होईल. आज जी चित्रं आपण बघणार आहोत ती मुळातच काळोखी आहेत, आणि प्रोजेक्टर त्यांना आणखी काळी तरी करतो, नाहीतर उगाच पांढुरकी तरी करतो. ... हं, आता ठीक आहे. धन्यवाद.

'छायाचित्रण : एक वैयक्तिक कला' असा विषय संयोजकांनी आम्हाला दिला, तेव्हा खरं सांगायचं तर आम्ही थोडे बिचकलो. 'वैयक्तिक' हा शब्द आता इतका गुळगुळीत झाला आहे की तो कुठेही बसतो. आपल्या खिशातल्या फोनमध्ये काही हजार फोटो असतात. माझं ताट, माझी सहल, माझं मूल, माझा सूर्यास्त. सगळं वैयक्तिकच म्हणायचं. (हशा) आणि दुसऱ्या टोकाला कलावंत मंडळी. त्यांच्या तोंडी 'माझी नजर', 'माझं व्हिजन' असं काही आलं की आपण मान डोलावतो, पण त्या नजरेला नेमकं काय दिसलं हे विचारायचं राहून जातं. तेव्हा आम्ही ठरवलं की शब्दाची व्याख्या करत बसायचं नाही. एक माणूस घ्यायचा आणि त्याचं काम नीट बघायचं. आपल्याकडे ज्याचं नाव फारसं घेतलं जात नाही असा एक माणूस आम्ही आज आणला आहे, प्राग शहरातला योसेफ सुदेक.

आधी माहिती पटकन सांगतो. जन्म १८९६, बोहेमियातल्या कोलीन या गावी. तेव्हा हा मुलूख ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. वडील घरं रंगवायचं काम करायचे, ते सुदेक अगदी लहान असतानाच गेले. मुलगा पुस्तकबांधणी शिकला. पुढे पहिलं महायुद्ध आलं, भरती झाली, इटालियन आघाडीवर पाठवणी झाली, तिथे उजव्या हाताला जखम झाली आणि हात खांद्यापासून कापावा लागला. एका हातानं पुस्तकं बांधता येत नाहीत. कचेरीतली नोकरी देऊ केली होती, ती त्यानं घेतली नाही. १९२२ ते १९२४ प्रागमधल्या ग्राफिक कलांच्या सरकारी शाळेत छायाचित्रण शिकला. १९२७ मध्ये माला स्त्राना भागात, उयेझ्द रस्त्यावरच्या एका इमारतीमागच्या आवारात त्याला लाकडी खोपटासारखा एक स्टुडिओ मिळाला. समोर जेमतेम बाग म्हणावी अशी जागा, आणि तीत एक वाकडंतिकडं झाड. १९७६ मध्ये वयाच्या ऐंशीव्या वर्षी तो वारला.

आता इथेच एक सावधगिरी. सुदेकवर लिहिणारा प्रत्येक जण त्या हातापासून सुरुवात करतो. आम्हीही आत्ता तेच केलं. एक हात नसलेला माणूस जड लाकडी कॅमेरा आणि ट्रायपॉड खांद्यावर घेऊन प्रागच्या चढावरून चालतो आहे, हे दृश्य इतकं जबरदस्त आहे की त्यापुढे त्याची चित्रं बघायची गरजच वाटेनाशी होते. गंमत म्हणजे त्या आख्यायिकेला त्यानं स्वतःही थोडं खाद्य पुरवलं. १९२६ मध्ये चेक फिलहार्मोनिकमधल्या मित्रांबरोबर तो इटलीला गेला होता. तिथे एका मैफिलीतून मधेच उठला आणि जिथे हात गेला ती जागा शोधत निघून गेला. जागा सापडली. हात अर्थातच नव्हता. दोनेक महिन्यांनी तो परतला, आणि पुढे असे लांबचे प्रवास त्यानं केले नाहीत. गोष्ट चांगली आहे, त्यानंच नंतर सांगितलेली आहे. पण हात गेलेले सैनिक त्या युद्धातून हजारोंनी परतले. त्यातल्या एकानंच या खिडक्या टिपल्या. म्हणजे हातावरून खिडकीचा उलगडा होत नाही. तो खिडकीपाशीच शोधायला हवा.

पहिली स्लाइड. हे सेंट व्हिटस कॅथीड्रल. सहाएकशे वर्षं रखडलेलं या प्रार्थनामंदिराचं बांधकाम विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पूर्ण होत आलं होतं, आणि १९२४ ते १९२८ या काळात सुदेक तिथे जात राहिला. १९२८ मध्ये त्यातल्या पंधरा चित्रांचा संच निघाला. उंच गॉथिक खांब दिसतायत? आता त्यांच्या पायथ्याशी बघा. हातगाड्या, फळ्या, दोर, बांधकामाचा राडा. पवित्र जागेचा फोटो काढायचा म्हटल्यावर दुसऱ्या कोणी हे सामान आधी हलवायला लावलं असतं. आपल्याकडे देवळाचा फोटो काढताना लोक वायर आणि पाण्याची टाकी फ्रेमबाहेर राहावी म्हणून काय काय कसरती करतात ते आपण पाहतोच. सुदेकनं हातगाडीवरही तेवढाच उजेड पडू दिला.

उजेडाचा विषय निघालाच आहे तर एक प्रसंग सांगायला हवा. सोन्या बुलाटी म्हणून एक मुलगी दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्याकडे शिकायला होती. नाझी छळछावण्यांतून वाचून आलेली. पुढे अमेरिकेत ती स्वतः नावाजलेली छायाचित्रकार झाली आणि १९७८ मध्ये तिनं सुदेकवर पुस्तक केलं. तिनं सांगितलेली आठवण अशी. कॅथीड्रलच्या खाली एका जुन्या रोमनेस्क दालनात दोघं काम करत होते. आत जवळजवळ अंधार. अचानक उन्हाची एक तिरीप आत आली. तर या दोघांनी हातात येतील ती फडकी घेऊन शतकानुशतकांची धूळ उडवायला सुरुवात केली. धूळ असल्याशिवाय तिरीप दिसत नाही ना! आपल्या जुन्या वाड्यांत कौलांच्या फटीतून येणारा कवडसा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. आम्हाला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो, कारण सुदेकला 'उजेडाची वाट बघत बसणारा साधू' असं करून टाकतात. तो वाट बघायचा हे खरं. पण वेळ आल्यावर फडकंही मारायचा.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. 'माझ्या स्टुडिओची खिडकी' ही मालिका त्यानं १९४० ते १९५४ या काळात केली. चौदा वर्षं आणि खिडकी एकच. १९३९ मध्ये नाझी सैन्य प्रागमध्ये शिरलं होतं. उघड्या रस्त्यावर कॅमेरा मांडून उभं राहणं आता सोपं नव्हतं. त्यामुळे माणूस घरात आला आणि खिडकीतून बघू लागला, इतपत कारण सरळ आहे. पण युद्ध १९४५ मध्ये संपलं आणि खिडकी पुढे नऊ वर्षं चालू राहिली, तिथे हे कारण पुरत नाही.

या तीन स्लाइड एकामागून एक बघा. घाई करू नका.

काय दिसलं? पहिल्या चित्रात काचेवर बाहेरून पावसाचे ओघळ आहेत आणि पलीकडे ते झाड म्हणजे नुसता एक करडा डाग. दुसऱ्यात काच आतल्या उबेनं धुरकटली आहे, झाडाची एखाददुसरी फांदी तेवढी कळते. तिसऱ्यात काच बऱ्यापैकी स्वच्छ, झाडावर बर्फ, आणि खिडकीच्या फळीवर एक पेला. लेन्सचा फोकस कुठे आहे ते बघा. आपण खिडकीशी कॅमेरा घेऊन उभे राहिलो की बाहेरच्या वस्तूवर फोकस करतो, काच म्हणजे अडथळा. फोन तर आपल्याला विचारतसुद्धा नाही, परस्पर बाहेरचं झाड धरतो. सुदेकनं बऱ्याच चित्रांत फोकस काचेवर धरला आहे. त्यामुळे जो पडदा एरवी आपण डोळ्याआड करतो तोच चित्राचा विषय होतो. आतली ऊब आणि बाहेरची थंडी जिथे एकमेकींना भिडतात ती ही जागा, आणि तिथे पाण्याचे थेंब जमतात. दुःख, एकाकीपणा, युद्ध असले शब्द आम्ही मुद्दाम वापरत नाही. समीक्षक ते वापरतात, आणि चूक आहे असंही नाही. पण ते शब्द वापरले की थेंब बघायचा राहतो.

याच सुमाराची आणखी एक गोष्ट, तांत्रिक आहे पण तिच्यावाचून पुढे जाता येत नाही. १९४० मध्ये सुदेकच्या पाहण्यात शार्त्रच्या कॅथीड्रलमधल्या एका मूर्तीचं छायाचित्र आलं. ३० बाय ४० सेंटिमीटरचं काँटॅक्ट प्रिंट होतं. तुमच्यातल्या तरुण मंडळींसाठी सांगतो. काँटॅक्ट प्रिंट म्हणजे निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून उजेड द्यायचा. एन्लार्जर नाही. जेवढी निगेटिव्ह तेवढंच चित्र. फिल्म होती त्या काळात स्टुडिओवाले छत्तीस फोटोंचं एक काँटॅक्ट शीट काढून द्यायचे आणि आपण भिंग लावून त्यातले निवडायचो, तीच ही पद्धत, फक्त इथे तेच अंतिम चित्र. त्या प्रिंटमधल्या दगडाचा पोत पाहून सुदेकनं ठरवलं की आता मोठं करणं बंद. मोठं चित्र हवं तर कॅमेराच मोठा घ्यायचा. याचा परिणाम असा की त्याची पुष्कळ चित्रं पोस्टकार्डापेक्षा फार मोठी नाहीत. ती हातात धरून बघायची. आणि ती काळपट आहेत. कॉन्ट्रास्ट कमी, पांढराशुभ्र भाग जवळजवळ नाहीच, काळ्या आणि करड्यामध्येच डझनभर पायऱ्या. डोळा सरावायला वेळ लागतो. दुपारच्या उन्हातून देवळाच्या गाभाऱ्यात शिरल्यावर आधी काहीच दिसत नाही, मग हळूहळू समई दिसते, मग मूर्ती, मग कोपऱ्यातलं तांब्याचं भांडं, तसं.

म्हणूनच भिंतभर पडद्यावर ही चित्रं दाखवताना आम्हाला थोडं अपराधी वाटतंय. (हशा) त्यानं जे टाळलं नेमकं तेच आम्ही चालवलं आहे.

इथे आमची स्वतःची एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगावी की नाही यावर घरी बरीच चर्चा झाली. बऱ्याच वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या गावी हौशी छायाचित्रकारांची स्पर्धा होती आणि परीक्षक म्हणून आम्ही गेलो होतो. टेबलांवर प्रिंट मांडलेले. वारीचे फोटो तर ढिगानं. आषाढाच्या आधी दिवेघाटात पालखी चढताना बघायला जाल तर वारकऱ्यांइतकेच कॅमेरे दिसतात, त्यामुळे नवल नव्हतं. सुरकुतलेला म्हातारा, कपाळी बुक्का, डोळ्यांत पाणी. असे किती म्हातारे त्या टेबलावर होते! एकाला आम्ही पहिलं बक्षीस दिलं. चित्र तांत्रिकदृष्ट्या उत्तम होतं, त्याबद्दल तक्रार नाही.

एका बाईंनी चार चित्रं पाठवली होती. चारही स्वयंपाकघरातल्या ओट्यावरच्या खिडकीची. जाळी, काच, कुकरची वाफ, एक स्टीलचा पेला. आम्ही शेरा लिहिला : 'विषयात वैविध्य नाही.' निकालानंतर चहा चालू असताना त्या आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "सर, खिडकी एकच आहे, पण त्या चार वेगळ्या सकाळी आहेत." आम्ही अनुभवी माणसाच्या थाटात त्यांना सांगितलं, "ताई, जरा बाहेर पडा, फिरा, माणसं बघा." त्या म्हणाल्या, "सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत हो. बाहेर कुठे पडू?" आम्ही काहीतरी गुळमुळीत बोलून पुढे सरकलो.

तेव्हा सुदेक आम्हाला माहीत नव्हता असं नाही. नाव ठाऊक होतं, दोनचार चित्रं छापील पाहिली होती, आवडलीही होती. प्रागमधल्या माणसाची खिडकी ही कला, आणि आपल्या ओट्यावरची खिडकी म्हणजे वैविध्याचा अभाव! हे आम्हाला कळायला पुढे काही वर्षं गेली.

आता तुम्ही विचाराल, त्या बाईंची चित्रं खरोखर चांगली होती का? आम्हाला सांगता येणार नाही, कारण आम्ही ती पाहिलीच नाहीत. एकावर एक ठेवून, चारही एकच आहेत एवढी खात्री करून बाजूला सारली. एकच विषय धरला म्हणून कोणी सुदेक होत नाही, हेही लगेच सांगितलं पाहिजे, नाहीतर उद्यापासून सगळे खिडक्याच घेऊन येतील. (हशा) खिडकी चौदा वर्षं धरली आणि चौदा वर्षं तीच ती दिसली, असंही होऊ शकतं. पण हे ठरवायला निदान चार सकाळी एकमेकींशेजारी ठेवून बघाव्या लागतात, आणि परीक्षकाचं काम तेवढंच होतं.

तुलनेसाठी दुसरी एक खिडकी दाखवतो. आंद्रे केर्तेस, मूळचा हंगेरीचा, पुढे न्यूयॉर्कचा. १९७७ मध्ये त्याची बायको एलिझाबेथ गेली. त्यानंतर म्हातारपणी तो वॉशिंग्टन स्क्वेअरजवळच्या आपल्या घरातून पोलरॉइड काढत राहिला, आणि १९८१ मध्ये त्याचं 'फ्रॉम माय विंडो' हे पुस्तक आलं. खिडकीत काचेची एक छोटी अर्धमूर्ती, मान आणि खांद्यांचा बाक असलेली. तिच्यात त्याला बायको दिसायची. ही चित्रं सुंदर आहेत, आम्हाला ती फार आवडतात. तरी दोघांत फरक आहे. केर्तेसचं दुःख आधी ठाऊक असलं की चित्र उघडतं. काचेची मूर्ती कोणासाठी उभी आहे हे कळलं की घसा दाटतो. सुदेकच्या पेल्यामागे असं कोणी उभं नाही. तो पेलाच आहे. त्यात पाणी आहे, पाण्यात खिडकी उलटी पडली आहे. वैयक्तिक म्हणजे स्वतःविषयी सांगणं असं मानलं तर केर्तेस अधिक वैयक्तिक ठरेल. सुदेक स्वतःविषयी जवळपास काहीच सांगत नाही, आणि तरी त्याचं चित्र शंभरांत ओळखू येतं. हे कसं होतं याचं एका वाक्यातलं उत्तर आमच्यापाशी नाही. कमी काँट्रास्ट, काचेवरचा फोकस, लहान आकार, लांब एक्स्पोजर, ही सगळी त्यानं घेतलेली ठोस आणि साधी पावलं आहेत. ती मोजता येतात. त्यांची बेरीज मात्र दुसऱ्या कोणाला तशी साधलेली नाही.

सगळंच सुदेकचं थोर आहे असंही आम्ही म्हणत नाही. उत्तरायुष्यात स्टुडिओत कागद, दोऱ्या, वेष्टनं, पत्रं यांचा असा डोंगर झाला होता की चालायला वाट नसे. त्या पसाऱ्याचीच त्यानं 'चक्रव्यूह' या नावानं चित्रं केली. त्यातली काही विलक्षण आहेत, काही मात्र नुसताच पसारा आहे. मित्राच्या बागेतली, वास्तुविशारद ओटो रोथमायरच्या बागेतली खुर्च्यांची चित्रंही आम्हाला कधीकधी जास्त गोड वाटतात. उजेड फार लाडात आल्यासारखा वाटतो.

पण ही शेवटची मालिका बघितल्याशिवाय त्याच्यावर 'घरकोंबडा रोमँटिक' असा शिक्का मारू नका. एक जुना कोडॅक पॅनोरामा कॅमेरा त्याच्या हाती आला होता. त्याची लेन्स फिरते आणि १० बाय ३० सेंटिमीटरची आडवी लांब निगेटिव्ह मिळते. त्यावर त्यानं सगळं प्राग पालथं घातलं. १९५९ च्या 'पॅनोरॅमिक प्राग' या पुस्तकात २८४ चित्रं आहेत. ते त्याचं प्रसिद्ध काम. मात्र त्याच कॅमेऱ्यानं १९५७ ते १९६२ च्या सुमारास तो उत्तर बोहेमियात, मोस्त शहराच्या आसपास गेला. तिथे उघड्या कोळसा खाणींनी जमीन खरवडून काढली होती. या मालिकेला त्यानं 'उदास भूप्रदेश' म्हटलं. पुस्तकरूपात ती त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी, १९९९ मध्ये आली.

ही स्लाइड थोडा वेळ राहू द्या. पुढे चिखलाचं पाणी. मधे वठलेली झाडं. मागे चिमण्या आणि धूर. समाजवादी प्रगतीची चित्रं काढायची तर त्या काळी या चिमण्या खालून, आकाशात घुसणाऱ्या अशा काढायचे. निषेधाचं पोस्टर करायचं तर ते झाड एकटं धरून काळंकुट्ट केलं असतं. इथे दोन्ही नाही. चिमण्या क्षितिजावर, लहान. आडव्या पट्टीत नजरेला डावीकडून उजवीकडे चालत जावं लागतं, आणि चालताना कुठेच हिरवं ठिकाण मिळत नाही. चौदा वर्षं धुरकट काचेतल्या करड्या पायऱ्या मोजलेला हा डोळा आहे. त्याला या धुरातही पायऱ्या दिसतात : कुठे धुकं आहे, कुठे धूर आहे, कुठे राख उडते आहे. ज्याला ओट्यावरच्या खिडकीत चार वेगळ्या सकाळी दिसत नाहीत, त्याला मोस्तच्या आकाशात धुकं आणि धूर वेगळे दिसतील का, अशी आम्हाला शंका आहे. आमचंच उदाहरण तुमच्यासमोर आहे.

चंद्रपूर-बल्लारपूरकडची काही मंडळी आज आलेली दिसतायत. तुमच्याकडच्या खाणींचे फोटो आम्ही पाहिले आहेत, बरेचसे ड्रोनवरून काढलेले. वरून खड्ड्याचा आकार कळतो, ते आवश्यकच आहे. पण त्या खाणीला लागून ज्यांचं घर आहे, त्यांच्या खिडकीच्या काचेवर सकाळी काय साचतं, ते अजून आम्हाला कोणी दाखवलेलं नाही. कोणी काढलं असेल तर पाठवा. चार पाठवलेत तरी चालेल, एकाच खिडकीचे. यावेळी आम्ही ते शेजारीशेजारी ठेवून बघू.

तो उयेझ्दचा लाकडी स्टुडिओ १९८५ मध्ये जळाला. आता तिथे तशीच्या तशी प्रतिकृती बांधली आहे आणि आत छायाचित्रांची प्रदर्शनं भरतात. प्रागला गेलात तर जरूर बघा.

दिवे लावायला हरकत नाही. प्रश्न असतील तर घेऊ.